कीर्तीचा रफार

१९९० नंतरच्या वीस वर्षांत मराठीत जे छापलं गेलं, त्यातला फार मोठा भाग संगणकावर जुळवलेला आहे, आणि तरीही तो आजच्या संगणकाला वाचता येत नाही. फायली शाबूत आहेत. उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, कारण तो मजकूर युनिकोडमध्ये नाही. तो श्री-लिपी, आकृती, कृती देव, सी-डॅकचे डीव्ही-टीटी अशा फॉन्टांच्या खाजगी खुणांमध्ये अडकला आहे. ई-पुस्तकं करायची, जुने दिवाळी अंक शोधता येतील असे ठेवायचे, तर हे सगळं युनिकोडमध्ये आणणं भाग आहे. आणायचं कशानं, यावर या व्यवसायात सरळ दोन तट पडतात. एक तट प्रोग्रॅमरांचा आणि दुसरा अक्षरजुळणी करणाऱ्यांचा. मला दोघांचंही म्हणणं महत्त्वाचं वाटतं, म्हणून ते संवादात मांडतो. यातली आत्या आणि भाचा ही माणसं कल्पित आहेत. आत्या टायपिंगच्या क्लासपासून सुरुवात करून पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ डीटीपीचा व्यवसाय करत आली. भाचा सॉफ्टवेअर लिहितो. त्यांच्यासमोरच्या फायली मात्र कुठल्याही जुन्या प्रकाशकाच्या कपाटात सापडतील अशा आहेत.

भाचा : आत्या, हा प्रश्न कधीच सुटलेला आहे. आयकॉन्व्ह नावाचं अवजार आहे. कुठून कुठे न्यायचं ते सांगायचं, फाईल द्यायची, काम झालं. जगभरातले लोक वर्षानुवर्षं हेच वापरतात. तू हातानं तक्ते कसले करत बसली आहेस?

आत्या : ठीक आहे. ही एका दिवाळी अंकाची फाईल घे आणि चालव तुझं अवजार.

भाचा : हं. आस्की म्हणून दिली, तर ते कुठेच अडलं नाही. फाईल साधी आस्की आहे. म्हणजे ती आधीच युनिकोडच्या यूटीएफ-८ रूपातही आहे. बदलण्यासारखं काहीच नाही.

आत्या : काहीच नाही? पहिला शब्द काय दिसतो?

भाचा : ई, जे, के, मोठा बी, एच.

आत्या : ‘मराठी’. ई म्हणजे म, जे म्हणजे र, के म्हणजे काना, मोठा बी म्हणजे ठ, एच म्हणजे दुसरी वेलांटी. कृती देव आहे तो, रेमिंग्टनच्या टाइपरायटरची मांडणी. क्लासमध्ये डोळे मिटून मारायचो आम्ही. तुझ्या अवजाराला हे इंग्रजी वाटलं, आणि त्यात त्याची चूक नाही. फाईलमध्ये खरोखरच इंग्रजी अक्षरं आहेत. मराठी आहे ते फॉन्टच्या चित्रांत.

हा फरक पुढच्या सगळ्या वादाचा पाया आहे, म्हणून दोन वाक्यं. खऱ्या एन्कोडिंगमध्ये प्रत्येक आकड्याला एक अक्षर नेमून दिलेलं असतं आणि अक्षरं आपण उच्चारतो त्या क्रमानं येतात. १९९१ चं भारतीय मानक इस्की तसं आहे. युनिकोडचा देवनागरी विभागही इस्कीच्याच १९८८ च्या मांडणीवरून घेतलेला आहे. जुन्या फॉन्टांत आकड्यामागे अक्षर नसतं, आकार असतो. अर्धा स, रफार, काना, हे सगळं खिळ्यांसारखं सुटं, आणि क्रम कागदावर दिसतो तसा डावीकडून उजवीकडे.

भाचा : बरं, मग हे एन्कोडिंगच नाही, बदलीचा तक्ता आहे. मी मान्य करतो. पण तू ते वर्डमध्ये ‘शोधा आणि बदला’ करून करतेस, ते मला अजिबात पटत नाही.

आत्या : का? दोनशे ओळींचा मॅक्रो आहे. कितीतरी पुस्तकं गेली त्यातून.

भाचा : तुझा मॅक्रो एकामागून एक बदल करतो. कृती देवमध्ये चौकोनी कंस म्हणजे स्वल्पविराम. बरोबर?

आत्या : हो. आणि स्वल्पविरामाच्या जागी ‘ए’ असतो.

भाचा : मग बघ. तुझ्या मॅक्रोनं आधी चौकोनी कंसाचे स्वल्पविराम केले. पुढे कधीतरी ‘स्वल्पविराम दिसला की ए कर’ ही ओळ आली. पुस्तकातल्या झाडून सगळ्या स्वल्पविरामांचा ‘ए’ झाला.

आत्या : म्हणून तर मी ओळींचा क्रम लावलाय. ‘ए’ची ओळ आधी आहे.

भाचा : लावलायस, पण तो तुझ्या डोक्यात आहे. उद्या दुसरं कुणी मधे एक ओळ घातली की कोसळलं. तसंच ‘थ’चं. तो दोन खुणांचा आहे, अर्धा थ आणि काना. काना आधी बदललास तर थ मोडला. मी लिहिलेला प्रोग्रॅम फाईल एकदाच डावीकडून उजवीकडे वाचतो, दर जागी सगळ्यांत लांब जुळणारी खूण उचलतो आणि एकदा बदललेल्याला परत हात लावत नाही. तक्ता वेगळ्या फाईलमध्ये. त्यात ओळी कोणत्याही क्रमानं लिही, निकाल तोच येणार.

आत्या : हे चांगलं आहे. हे मला माझ्या मॅक्रोत जमलं नसतं. आता मला सांग, ‘कीर्ती’ कशी नेतोस?

भाचा : क, दुसरी वेलांटी, त, दुसरी वेलांटी, मग रफार. युनिकोडमध्ये रफार म्हणजे पाय मोडलेला र आणि तो त च्या आधी हवा. म्हणजे रफार एक जागा मागे न्यायचा.

आत्या : एक जागा मागे नेलास तर तो त आणि वेलांटी यांच्या मधे पडला. त सुटला, वेलांटी र ला चिकटली. रफार आधी वेलांटी ओलांडतो, मग त ओलांडतो. ‘मर्त्य’मध्ये तो य ओलांडतो आणि अर्धा त सुद्धा. पहिल्या वेलांटीचं उलटं. ती फाईलमध्ये आधी असते आणि पुढे न्यायची असते. ‘स्थिती’ घे. वेलांटी, अर्धा स, थ. तिला नुसत्या पुढच्या खुणेशी अदलाबदल केलीस तर ती अर्ध्या स वर जाऊन बसेल. मला असे ‘रूपांतरित’ ग्रंथ लोक आणून दाखवतात. पानापानावर टिंबांचं रिकामं वर्तुळ आणि त्याच्या शेजारी लोंबकळणारी वेलांटी.

भाचा : म्हणजे जागा मोजायच्या नाहीत, अख्खं जोडाक्षर ओळखायचं. अर्धी व्यंजनं कितीही असोत, मग पूर्ण व्यंजन, मग मात्रा. हा नियम मी लिहू शकतो. पण आत्या, हे आयतं मिळतं. कृती देवपासून युनिकोडपर्यंत नेणारे कितीतरी प्रोग्रॅम लोकांनी करून ठेवलेत, फुकट. त्यांतला एक उचलू. सगळं नव्यानं कशाला?

आत्या : उचल. पण तो कुणी, कोणत्या भाषेसाठी केलाय ते बघ. बहुतेक हिंदीसाठी केलेले आहेत. त्यातून ‘दऱ्या’ काढून दाखव मला.

भाचा : ‘दर्या’ आला.

आत्या : दऱ्याखोऱ्यांचा समुद्र झाला. आचाऱ्यांना जेवायला बोलावलं तिथे आचार्य येऊन बसले. मराठीचा आडवा र हिंदीला लागत नाही, म्हणून तक्ता करणाऱ्यानं त्याचा सरळ रफार केला. आणि ही चूक शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रोग्रॅमलाही सापडत नाही, कारण दर्या हाही शब्दच आहे. कथेत कोकणातला दर्या आणि सह्याद्रीतल्या दऱ्या दोन्ही असतील तर काय करशील?

भाचा : मूळ फाईलमध्ये दोन्हींच्या खुणा वेगळ्या आहेत ना?

आत्या : वेगळ्याच आहेत. जुळणाऱ्यानं वेगळ्या मारल्या होत्या. तुझ्या आयत्या प्रोग्रॅमनं त्या एक केल्या. जे ज्ञान फाईलमध्ये होतं ते अवजारानं फेकून दिलं, याचा मला संताप येतो.

या ठिकाणी मी पूर्णपणे आत्याच्या बाजूनं आहे. रूपांतरात मूळ फाईलमधला एखादा भेद नाहीसा झाला की तो परत आणायला पुन्हा मूळ छापील प्रत आणि डोळे लागतात. तरीही हिंदीसाठीचा प्रोग्रॅम मराठी पुस्तकांवर चालवण्याचा प्रकार सर्रास दिसतो, कारण पहिली दोन पानं ठीक दिसतात.

भाचा : ठीक आहे. तक्ता आपला, नियम आपले. फाईल पेजमेकरमधून साध्या मजकुरात काढून घेतो आणि चालवतो.

आत्या : साध्या मजकुरात काढू नकोस. तिथेच घोटाळा होतो. या लेखात लेखकानं मधे इंग्रजी शब्द वापरलेत. पानावर ते इंग्रजी फॉन्टमध्ये आहेत, मराठी कृती देवमध्ये. साधा मजकूर केलास की फॉन्टची माहिती गेली. मग तुझा प्रोग्रॅम इंग्रजी शब्दांचंही मराठी करणार.

भाचा : खरंय. मग आरटीएफमधून जावं लागेल. तिथे प्रत्येक तुकड्याला फॉन्टचा क्रमांक असतो. किंवा वर्डच्या नव्या फाईलमधून. ती मुळात एक झिप असते, आत एक्सएमएल, आणि प्रत्येक तुकड्यापाशी फॉन्टचं नाव. कृती देव असेल तरच तक्ता लावायचा, नाहीतर हात लावायचा नाही.

आत्या : आणि कधी कधी वर्डमध्ये ही अक्षरं इंग्रजी आकड्यांवर नसतातच. शोधली तर सापडत नाहीत.

भाचा : चिन्हांचा फॉन्ट म्हणून नोंदलेला असेल तर वर्ड त्यांना युनिकोडच्या खाजगी भागात, एफ००० पासून पुढे ठेवतं. तेवढं वजा केलं की जुना आकडा परत मिळतो. बघ, हे तुझ्या मॅक्रोला कधी कळलं नसतं.

आत्या : नसतं कळलं. म्हणून तुला बोलावलं.

भाचा : मग आता माझी बाजू ऐक. तू सगळ्यालाच फॉन्ट समजतेस. ही दुसरी फाईल बघ, संगणकात भारतीय लिप्यांसाठी जिस्ट कार्ड बसवायचे त्या काळातली. हिच्यात मराठीचे सगळे आकडे १६० च्या वर आहेत. हा फॉन्ट नव्हे, ही इस्की आहे.

आत्या : मग १२८ खान्यांचा तक्ता कर. एका दुपारचं काम.

भाचा : नाही आत्या, इथे तक्ता पुरत नाही. इस्कीत अवग्रहाला स्वतंत्र खाना नाही. दंड आणि त्यामागे नुक्ता मिळून अवग्रह होतो. पाय मोडण्याची खूण लागोपाठ दोनदा आली तर अर्थ वेगळा, तिच्यामागे नुक्ता आला तर आणखी वेगळा. एकच आकडा दुसऱ्या लिपीतही वापरता येतो आणि लिपी बदलायची खूण मधेच येते. हे सगळं मानकात लिहिलेलं आहे आणि आयसीयू नावाच्या सॉफ्टवेअर लायब्ररीनं ते नीट बसवलंय. जावातही आहे, विंडोजमध्ये ५७००२ क्रमांकाचं कोडपेज आहे. पायथन भाषेच्या पेटीत नाही. म्हणून इथे पायथन घेऊन हातानं लिहिणं चूक. आयसीयू घ्यायचं आणि गप्प बसायचं.

आत्या : मानक असेल तिथे मानकाचं अवजार. मान्य. या फाईलपुरती मी काहीच बोलत नाही.

भाचा : तिसरी फाईल तर आणखी वेगळी आहे. ही वर्गणीदारांची यादी, आधीच युनिकोडमध्ये भरलेली. पण बघ कशी दिसते. डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा ए, मग चार काड्यांचं गोल किंवा जपानी येनची खूण, मग तिसरंच काहीतरी. परत परत तेच.

आत्या : हे मी पाहिलंय. अशी यादी आली की मी परत टाइप करून घेते.

भाचा : नको! हे बिघडलेलं दिसतं, पण आत बहुतेक सगळं शाबूत आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला तीन बाइट लागतात, आणि पहिले दोन नेहमी ई०-ए४ किंवा ई०-ए५ असतात. कुणीतरी ही फाईल विंडोजच्या पश्चिम युरोपीय कोडमध्ये, १२५२ मध्ये उघडली आणि तशीच जतन केली. एकेका अक्षराची तीन तीन झाली. उलट्या वाटेनं गेलं की मूळ मजकूर परत येतो.

आत्या : मग ने उलट.

भाचा : नेली. पण काही नावं अडली. ‘विठ्ठल’ बघ.

आत्या : विठ्ठलच अडावा?

भाचा : त्याचं कारण पाहण्यासारखं आहे. सहा खुणा आहेत त्याच्यात. व, वेलांटी, ठ, पाय मोडल्याची खूण, ठ, ल. म्हणजे अठरा बाइट. ठ चा तिसरा बाइट ए०. १२५२ मध्ये ए० म्हणजे न तुटणारी मोकळी जागा. मधल्या कुठल्यातरी प्रोग्रॅमनं ती साधी मोकळी जागा केली. दोन्ही ठ तिथेच गेले. आणि पाय मोडण्याच्या खुणेचा तिसरा बाइट ८डी. १२५२ च्या तक्त्यात पाच खाने रिकामे आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. आपल्याकडे ८१ वर उकार आणि चंद्रबिंदू येतात, ८डी वर पाय मोडणं, ८एफ वर ए, ९० वर ऐ, आणि ९डी वर झ.

आत्या : म्हणजे नेमका उकार आणि पाय मोडणं! मराठीचं कुठलं पान या दोघांशिवाय होतं?

भाचा : त्या पाच खान्यांचं काय करायचं हे प्रत्येक अवजार आपापलं ठरवतं, आणि इथेच निवड महत्त्वाची होते. पायथनचं १२५२ तिथे थांबतं आणि चूक सांगतं. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ज्याला लॅटिन-१ म्हणतात ते खरं तर १२५२ आहे, पण त्यानं हे पाच खाने तसेच पुढे जाऊ दिलेत. म्हणून यादी तिथे बिघडली असेल तर तिथूनच उलटी करायची, सगळं परत येतं. ब्राउझरही या पाचांना तसेच जाऊ देतात. पायथनमध्ये हेच करायचं तर एफटीएफवाय नावाची लायब्ररी आहे. तिच्यात या ढिल्या १२५२ ची सोय आहे.

आत्या : आणि ते ठ? ते तर मोकळी जागा झाले.

भाचा : ते सापडतात. ई०-ए४ नंतर साधी मोकळी जागा कधीच येऊ शकत नाही. आली, म्हणजे तो ए० होता, म्हणजे ठ. शंकाच नाही. अडचण आहे ती ८डी ची. आपल्या यादीत एका जुन्या प्रोग्रॅमनं रिकाम्या खान्यांच्या जागी प्रश्नचिन्ह घातलंय. आता तिथे ८१ होता की ८डी, उकार होता की पाय मोडला होता, ते बाइटवरून सांगता येत नाही.

आत्या : कुठे आहे असं? दाखव.

भाचा : शेऱ्याच्या रकान्यात. प, प्रश्नचिन्ह, र, ती.

आत्या : पुढे काय आहे?

भाचा : ‘पाठवाव्यात’.

आत्या : प्रती पाठवाव्यात. आणि खालच्या ओळीत तेच आहे, पण मागे ‘या वर्षा’ आहे. ती ‘या वर्षापुरती’ वर्गणी. असं बाइटवरून नाही कळायचं रे, वाक्य वाचावं लागतं.

भाचा : शब्दकोश लावला तर बहुतेक जागा सुटतील.

आत्या : बहुतेक. उरलेल्यांसाठी मी बसते. पण मला एक सांग, ते प्रश्नचिन्ह तरी घातलं म्हणून आपल्याला जागा कळली. काहीच घातलं नसतं तर?

भाचा : तर खुणाच नाहीशा झाल्या असत्या आणि कुणाला पत्ता लागला नसता. हे माझ्याच धंद्यातल्या लोकांना मला ओरडून सांगावंसं वाटतं. आयकॉन्व्ह नुसतं चालवलं तर न समजलेल्या पहिल्या बाइटपाशी ते थांबतं आणि जागा सांगतं. ते थांबलं की लोकांना घाई होते. मग ते वजा-सी लावतात किंवा ‘इग्नोअर’ जोडतात. अवजार निमूटपणे पुढे जातं आणि जे कळलं नाही ते गाळतं. पायथनमध्येही तसंच: मुळात कडक वागणूक आहे, लोक ती ढिली करतात. जावात तर बाइटांवरून सरळ मजकूर केला की तो न विचारताच बदली खूण घालतो. कडक वागायला लावायचं तर वेगळं डीकोडर घ्यावं लागतं.

आत्या : म्हणजे तुझ्या भाषेत, अडलेला आकडा दिसला की थांबणारं अवजार चांगलं.

भाचा : थांबणारं, किंवा कुठे कुठे अडलं त्याची यादी देणारं. फॉन्टच्या तक्त्यालाही मी तेच लावणार. तक्त्यात नसलेली खूण आली तर गाळायची नाही. तिचा आकडा, पान आणि आजूबाजूचे दोन शब्द नोंदवहीत.

आत्या : हे आम्ही प्रुफात करायचो. वाचता न आलेला शब्द तसाच ठेवून समासात खूण. बरं, ही यादी शेवटी जाणार कुठे?

भाचा : मायएसक्यूएलच्याच कोठ्यात, पण यूटीएफ८-एमबी४ असा. नुसता जुना ‘यूटीएफ८’ घेतला तर तो तीन बाइटांपर्यंतच जातो. देवनागरीला पुरेल. पण तुझे ते मोडीचे कागद कधी घालायचे झाले, तर मोडी युनिकोडमध्ये २०१४ मध्ये आली आणि तिला चार बाइट लागतात. आणि कार्यालयात ही यादी एक्सेलमध्ये उघडणार असतील तर फाईलच्या सुरुवातीला ओळखखूण घालून देतो. नाहीतर पुन्हा सगळं १२५२ होऊन बसेल.

आत्या : ते तू बघ. माझा खरा वाद पुढे आहे. सगळं युनिकोडमध्ये आलं की तू त्यावर ‘सामान्यीकरण’ चालवणार म्हणालास.

भाचा : चालवायलाच हवं. एकच अक्षर दोन रीतींनी लिहिलेलं असतं. ‘ॲ’ला स्वतंत्र जागा युनिकोडमध्ये २००८ मध्ये मिळाली. त्याआधी लोक अ वर अर्धचंद्र देत. दिसायला सारखंच, पण शोधलं तर एक सापडतं, दुसरं नाही. आडव्या र चेही दोन प्रकार आहेत. एकात नुक्त्याचा ऱ, दुसऱ्यात साधा र आणि न दिसणारी जोडखूण. युनिकोडचं स्वतःचं सामान्यीकरण या दोन्ही जोड्यांना हात लावत नाही. म्हणून मराठीसाठी आपले नियम लिहायचे आणि सगळा मजकूर एका रूपात आणायचा.

आत्या : आणि त्या नियमांत कुणीतरी हळूच ‘सुधारणा’ घालतं. मी पाहिलंय. जुन्या लेखकाचा अनुस्वार काढला, दीर्घ ऊकार ऱ्हस्व केला, ‘नाही तर’ जोडून टाकलं. १९६२ मध्ये महामंडळाचे लेखननियम आले, त्याआधीच्या मजकुरात अनुच्चारित अनुस्वार आहेत. ते त्या पुस्तकाचे आहेत. रूपांतर करणाऱ्यानं त्यांना हात लावायचा नाही.

भाचा : मी लेखन बदलत नाही, बाइट बदलतो. डोळ्यांना काहीच फरक दिसणार नाही.

आत्या : आज तू आहेस म्हणून. उद्या तोच प्रोग्रॅम दुसऱ्याच्या हातात गेला की त्यात ‘इतकं करतोय तर हेही’ येणार. दोन कामं एका अवजारात नकोत.

भाचा : मग असं करू. रूपांतराचा प्रोग्रॅम फक्त रूपांतर करेल. त्याचा निकाल जसाच्या तसा साठवू, मूळ फाईल आणि तक्त्याच्या आवृत्तीसह. सामान्यीकरण फक्त शोधासाठी, वेगळ्या प्रतीवर. वाचकाला दिसेल तो मजकूर पहिला.

आत्या : ‘ॲ’ सुद्धा शोधापुरताच?

भाचा : ‘ॲ’ मी मजकुरातही बदलावा असंच म्हणेन. अ आणि अर्धचंद्र ही जोडी आता कुणी वापरू नये, काही फोनवर ती तुटून दिसते.

आत्या : तुटून दिसत असेल तर बदल. पण नोंदवहीत लिहून.

हा मुद्दा दोघांनी निकाली काढला, मी मात्र भाच्याइतका निर्धास्त नाही. माझ्या मते संग्रहासाठी ठेवलेल्या प्रतीत ‘ॲ’लाही हात लावू नये. प्रदर्शनाची अडचण फॉन्टनं आणि फोननं सोडवावी. पण आज ई-पुस्तक विकत घेणाऱ्या वाचकाला तुटलेलं अक्षर दाखवणं हेही बरोबर नाही, आणि प्रकाशकाला दोन प्रती सांभाळण्याचा खर्च झेपत नाही, हेही खरं.

भाचा : आता उरली ती सगळ्यांत जुनी फ्लॉपी. हिच्या फॉन्टचं नावही मला कुठे सापडत नाही. आयता तक्ता असण्याचा प्रश्नच नाही.

आत्या : फॉन्टची फाईल आहे का?

भाचा : तीच आहे, एवढं नशीब.

आत्या : मग ३३ पासून २५५ पर्यंतच्या सगळ्या खुणा त्या फॉन्टमध्ये एका कागदावर छाप. मोठ्या, शेजारी आकडा. मी प्रत्येकासमोर लिहिते तो आकार कशाचा आहे. दोन दोन वेलांट्या असतील, अरुंद अक्षराची वेगळी आणि रुंद अक्षराची वेगळी. तीच खूण दोनदा दिसली तर चुकलं समजू नकोस.

भाचा : म्हणजे उलटं रूपांतर करून बाइट न बाइट जुळवता येणार नाहीत. दोन वेलांट्यांची एकच होणार. मग तपासायचं कसं?

आत्या : एकच पान दोनदा छापायचं. जुन्या फॉन्टमध्ये एकदा, युनिकोडमध्ये एकदा. शेजारी शेजारी धरून वाचायचं.

भाचा : आणि त्याआधी यंत्राकडून : शब्दाच्या सुरुवातीला मात्रा, लागोपाठ दोन वेलांट्या, पाय मोडल्यावर लगेच काना, असं काहीही सापडलं तर पान बाजूला. त्यानं बराच कचरा आधीच निघेल. मग तू वाच. फॉन्टची फाईलच नसेल तेव्हा काय करायचं?

आत्या : छापील पान असेलच ना?

भाचा : मग स्कॅन करून टेसरॅक्टनं वाचून घेऊ, मराठीसाठी त्याचं प्रशिक्षित मॉडेल आहे. पण त्याच्या चुका वेगळ्या असतात. ते आकार पाहून अंदाज बांधतं, त्यामुळे अनुस्वार उडतो, किंवा घ चा ध होतो. तो शेवटचा उपाय.

आत्या : मान्य. आता मी शब्द सांगते ते लिहून घे. कोणताही प्रोग्रॅम, तुझा असो की आयता, आधी याच्यावर चालवायचा आणि मगच पुस्तकाला लावायचा. कीर्ती. स्थिती. मर्त्य. दर्या, दऱ्या. आचार्यांना, आचाऱ्यांना. वाङ्मय.

भाचा : वाङ्मय का?

आत्या : ङ ला अर्धं रूप नसतं, बहुतेक फॉन्टांत तो जोडून केलेला असतो. तक्ते तिथेच चुकतात. हृदय. ह्या. ब्राह्मण. शुद्ध. राष्ट्र. ॲडव्होकेट. ऑफिस. कृष्ण. श्रृंगार आणि शृंगार दोन्ही, कारण जुन्या पुस्तकांत दोन्ही येतात आणि एकाचं दुसरं व्हायला नको. विठ्ठल.

भाचा : तो तर हवाच. आणि एखादं वाक्य, मधे इंग्रजी शब्द, स्वल्पविराम आणि अवतरणचिन्हं असलेलं.

आत्या : आणि आकडे. काही फॉन्टांत इंग्रजी आकड्यांच्या खुणांवर मराठी आकडे असतात, काहींत नाही. पानांचे क्रमांक आणि साल दोन्ही तपास. ‘तऱ्हा’ आणि ‘कुऱ्हाड’ राहिले, तेही घाल. य पुढचा आडवा र जमला म्हणून ह पुढचा जमतोच असं नाही.